लाकडाची राखण



भाषण करण्याची मला सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचेच. परंतु घरात जे चुकले आणि चुकून जे शिकले, ते आपल्या माणसांत सांगायला संकोच कसला?

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण श्रीवर्धनकर विसरणार नाही. त्यात आमच्या वाडीचे फाटक आणि पडवीचा कठडा गेला. जुने लाकूड वाळवीने आधीच पोखरले होते, म्हणून नवे काम औषध मुरवलेल्या हिरवट लाकडाचे केले. या लाकडात तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे क्षार पाण्यातून, दाब देऊन भरलेले असतात. त्यामुळे वाळवी व बुरशी सहसा लागत नाही. मला वाटले, काळजी मिटली! लाकूड आले त्याच आठवड्यात घाईने रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात रंगाला फोड आले नि पापुद्रे सुटले.

सुतारकाका म्हणाले, "वहिनी, औषध किडीला आवरते, उन्हापावसाला नाही. आणि ओल्या लाकडावर रंग धरत नाही."

तेव्हा असे लाकूड सावलीत, वारा खेळेल असे रचून काही आठवडे वाळवावे. मग वर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. जिरले तर रंगाची वेळ झाली. तसेच राहिले तर थांबावे. धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि सुकल्यावर एक हात अस्तराचा व दोन हात तेलरंगाचे द्यावेत. कापलेल्या टोकांना रंगाआधी पुन्हा औषध लावून घ्यावे, कारण गाभ्यापर्यंत ते पोचलेले नसते. खिळे जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावेत. आपला खारा वारा आणि लाकडातले तांबे साध्या लोखंडाला लवकर खातात.

आता सर्वांत महत्त्वाचे. उरलेले तुकडे मी पाणी तापवायला बंबात घालणार होते. टोपली भरलीही होती! काकांनी वेळीच थांबवले. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. जाळले की तो धुरात नि राखेत उतरतो. त्याच राखेने आपण भांडी घासणार, तीच सुपारीच्या आळ्यात टाकणार! घरात नातवंडे खेळत होती. आजही आठवले की अंगावर काटा येतो.

म्हणून भगिनींनो, फाटकाचा रंग उशिरा झाला तरी चालेल. पण हे तुकडे कोणाच्याही चुलीत वा बंबात जाता कामा नयेत. कचऱ्यात देतानाही ते वेगळे बांधून, सांगून द्यावेत. एवढे आपण शेजारणीलाही सांगाल, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.