शस्त्रक्रियेनंतरचा शीतोपचार



तंजावूरचे मराठी राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वतोमुखी झाले आहे. त्यांच्या धन्वंतरी महालाची कीर्ती मात्र तितकी पसरली नाही. तेथे देशी व पाश्चात्त्य या दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले. त्या काळातील ४४ नेत्ररुग्णांची नोंदपत्रे उपलब्ध झाली आहेत. रोगाचे वर्णन, केलेले उपचार आणि डोळ्यांची चित्रे त्यांत आढळतात. रुग्णाच्या प्रकृतीत पडत जाणारा फरक टिपून ठेवण्याची ही शिस्त मोलाची आहे; कारण शल्यवैद्याने शस्त्र खाली ठेवले म्हणजे उपचार संपत नाहीत. पुढचे काही दिवस रुग्ण बहुधा घरच्या माणसांच्या हाती असतो, आणि शीतोपचारही बहुधा त्याच हातांनी होतो.

सरफोजींच्या काळी बर्फ ही येथे सुलभ वस्तू नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८३३ साली, अमेरिकेतून जहाजाने निघालेला बर्फ कलकत्त्यास पोहोचला. मद्रासचे बर्फघर त्यानंतर, १८४० च्या दशकात, उभे राहिले. आज मात्र बर्फ घरोघरी आहे. वस्तू सुलभ झाली की ती निरुपद्रवी असावी असा समज होतो. बर्फाच्या बाबतीत हा समज खरा नाही.

थंडाव्याने त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मज्जातंतूंतून वेदनेचा संदेश मंदगतीने वाहू लागतो. त्यामुळे ठणका कमी होतो आणि सूज वाढण्यास काहीसा आळा बसतो. परंतु या लाभाला मर्यादा आहेत. गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतरच्या शीतोपचाराची जी परीक्षणे झाली, त्यांत वेदना व रक्तस्राव यांबाबत आढळलेला फायदा माफक होता. अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब व अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री सांगितली. पुढे त्यांनीच, बर्फामुळे जखम भरून येण्यास विलंब लागू शकतो, असे मत मांडले. तेव्हा बर्फ हा वेदना सुसह्य करणारा सहायक आहे, जखम भरून आणणारे औषध नव्हे.

म्हणून पहिला नियम असा, की शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून शेक सुरू करू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर आपल्या मनाने ओली घडी किंवा बर्फ मुळीच ठेवू नये. डोळ्यावर दाब पडण्याचा आणि अस्वच्छ पाणी आत जाण्याचा धोका असतो. दाढ काढल्यावर मात्र पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थंड शेक देण्यास सांगण्याची पद्धत आहे.

दुसरा नियम वस्तूविषयी. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश सेल्सिअस असते. परंतु गोठणकप्प्यातून नुकतीच काढलेली जेलची पिशवी उणे १८ अंशांच्या आसपास असू शकते. हिमदंशाचे भय तिच्यात अधिक. बर्फाचे तुकडे व थोडे पाणी घातलेली, न गळणारी पिशवी त्यामानाने बरी. त्यात मीठ मात्र घालू नये. कुल्फी गोठवण्यासाठी ज्या गुणामुळे मीठ वापरतात, त्याच गुणाने येथे त्वचा गोठेल. पिशवी व त्वचा यांच्यामध्ये सुती कापडाची घडी असावी. जखमेवरची पट्टी कोरडी राहिलीच पाहिजे.

तिसरा नियम वेळेचा. एका वेळी १५ ते २० मिनिटे पुरे. नंतर त्वचा पूर्ववत उबदार होईपर्यंत, निदान एक-दोन तास, विश्रांती द्यावी. दर काही मिनिटांनी कापड उचलून त्वचा पाहावी. शेक चालू असता रुग्णाने झोपू नये. वेदनाशामक औषधाने गुंगी आलेल्या माणसास वेळेचे भान राहत नाही. म्हणून घड्याळ जवळच्याने सांभाळावे.

सर्वांत मोठा धोका बधिर अवयवाचा. कमरेतून भूल दिलेली असताना, पायाची नस बधिर केलेली असताना किंवा मधुमेहाने संवेदना मंदावलेली असताना थंडी बोचत नाही, आणि बोचत नाही म्हणून कुणी पिशवी हटवीत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक महत्त्वाची नस त्वचेच्या अगदी जवळून जाते; तिला दीर्घ काळ थंडी लागल्यास पाऊल उचलण्याची शक्ती मंदावू शकते. ज्यांच्या हातापायांचा रक्तपुरवठा अपुरा आहे, थंडीने ज्यांची बोटे पांढरी पडतात किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांनी हा उपचार टाळावा.

त्वचा पांढुरकी, मेणासारखी किंवा निळसर दिसली, फोड आले, अथवा बधिरता ओसरली नाही, तर शेक त्याच क्षणी थांबवावा आणि डॉक्टरांना गाठावे. गोठलेल्या जागेवर चोळू नये, गरम पिशवी ठेवू नये. ताप, जखमेतून पू, वाढता ठणका किंवा पोटरीची एकाएकी आलेली सूज यांवर बर्फ हा उतारा नाही. तेथे थांबण्यात वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

शेक केव्हा दिला, किती मिनिटे दिला आणि त्वचा कशी दिसली, एवढे एका कागदावर लिहून ठेवावे. पुढच्या तपासणीस जाताना तो कागद बरोबर न्यावा.