गिटारच्या सुराची वाट

श्रोतेहो, इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या कलावंताच्या पायांकडे कधी आपलं लक्ष गेलंय? समोरच्या फळीवर सात-आठ छोट्या धातूच्या डब्या मांडलेल्या असतात आणि वाजवता वाजवता तो त्यांची बटणं पायाने दाबत असतो. या डब्यांना पेडल म्हणतात. एखादं पेडल सूर खरखरीत करतं, एखादं घुमवतं, एखादं त्याचा प्रतिध्वनी उमटवतं. आवाज मनासारखा येईना की तरुण मुलं नवं पेडल नाहीतर नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघतात. माझं त्यांना सांगणं असतं, बाबांनो, आधी जोडणी तपासा. पुष्कळदा दोष तिथेच असतो.

गिब्सन कंपनीने १९६२ साली मॅस्ट्रो फझ-टोन हे पेडल आणलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ते वाजलं आणि त्या फाटक्या, फरफरत्या आवाजाची गोडी जगाला लागली. मग पेडलं वाढत गेली आणि त्यांच्याबरोबर दोन अडचणीही आल्या.

पहिली अडचण केबलची. साध्या गिटारमधून निघणारा सिग्नल फार नाजूक असतो. केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड इतकी धारकता असते. केबलची लांबी वाढेल तसा सुरातला वरचा, चमकदार भाग गळत जातो. घोंगडी पांघरून कुणी बोलावं तसा सूर दबका येतो. आठ पेडलं एकामागून एक ओवली तर ती बंद असतानाही सिग्नलला साऱ्या केबलमधून फिरून यावं लागतं.

यावरचा उपाय म्हणजे लूप स्विचर. आपल्या रेल्वे स्टेशनवर मेन लाइन असते आणि बाजूला लूप लाइन असते. न थांबणारी गाडी मेन लाइनवरून सरळ निघून जाते. तेच इथे होतं. प्रत्येक पेडल स्वतंत्र लूपवर असतं. हवं तेव्हाच सिग्नल तिकडे वळतो, एरवी ते पेडल आणि त्याच्या केबल वाटेतून बाजूला राहतात. शिवाय एक बटण दाबलं की तीन पेडलं चालू आणि दोन बंद, अशी सोयही अनेक स्विचरमध्ये असते. लॉस एंजेलिसचे बॉब ब्रॅडशॉ १९८०च्या दशकात मोठमोठ्या गिटारवादकांना अशा यंत्रणा बांधून देऊ लागले.

दुसरी अडचण क्रमाची. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात दोन भाग असतात. पुढचा प्रीअ‍ॅम्प सुराला रंग देतो, मागचा पॉवर अ‍ॅम्प ताकद देतो. खरखर प्रीअ‍ॅम्पमधूनच घ्यायची असेल आणि प्रतिध्वनीचं पेडल त्याच्या आधी लावलं, तर प्रतिध्वनीही त्या खरखरीत भरडला जातो. वरून पेरायची कोथिंबीर मिक्सरमध्ये वाटून टाकावी तसंच ते! मग सुरांचा नुसता गोंगाट होतो आणि गाणाऱ्याचे शब्दही त्यात बुडतात.

म्हणून बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन सॉकेट असतात. हाच इफेक्ट्स लूप. त्यासाठी चार केबल लागतात. पहिली गिटारपासून स्विचरपर्यंत. तिथे खरखर आणणारी पेडलं. दुसरी स्विचरपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या मुख्य इनपुटला. तिसरी 'सेंड'पासून परत स्विचरच्या दुसऱ्या गटाकडे, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमारा देणाऱ्या पेडलांकडे. आणि चौथी तिथून 'रिटर्न'ला. आता रंग आधी भरला जातो, प्रतिध्वनी त्यावर पडतो. दोन्ही वेगवेगळे, स्वच्छ ऐकू येतात.

मात्र ज्याचा अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजावर ठेवलेला असतो आणि खरखर पेडलमधूनच येते, त्याला या चार केबलची गरज नाही. फळीवरच क्रम नीट लावला की झालं. काही अ‍ॅम्प्लिफायरच्या 'सेंड'मधून सिग्नल जोरकस येतो, तो साध्या पेडलला झेपत नाही. लेव्हलचं बटण असेल तर ते आधी पाहावं.

जोडणी वाढली की हमिंगही येऊ शकतं. पेडलांचा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून घ्यावा, पुष्कळदा ते कमी होतं. पण हमिंग घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उद्योग कुणीही करू नये. गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि बोटं त्यांच्यावरच असतात. थोड्या शांततेसाठी जिवाशी खेळ होतो.

एक बिनखर्चाची परीक्षा सांगतो. गिटार एकाच केबलने थेट अ‍ॅम्प्लिफायरला लावा आणि ऐका. मग सगळी पेडलं जोडून, पण बंद ठेवून, तीच ओळ वाजवा. दोन्ही आवाज सारखे आले तर जोडणी ठीक आहे. नाही आले तर एकेक पेडल बाजूला काढत जा. सूर नेमका कुठे गळतो ते तुमचाच कान सांगेल. खरेदीचा विचार त्यानंतर करावा.