भांडण लहान असतानाच





मी पोलीस नाही, वकीलही नाही. संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनीअर आहे. आकडे वाचायची सवय आहे, म्हणून 'महाराष्ट्रातील हिंसक गुन्हे' या विषयावर बोलायला उभा आहे.

आपल्या एमआयडीसीच्या नाक्यावर एक वाक्य सारखं ऐकू येतं, "बाहेरचे आले आणि गुन्हे वाढले." बाहेरचे म्हणजे उत्तर प्रदेश, बिहारमधून कारखान्यात आलेले कामगार. पण हेच वाक्य दुसऱ्या ठिकाणी आपल्या समाजाबद्दल बोललं जातं, तेव्हा आपल्याला किती लागतं!

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार महाराष्ट्रात २०१४ साली खुनाचे २,६७० गुन्हे नोंदले गेले, २०२२ साली २,२९५. म्हणजे लोकसंख्या वाढूनही खून कमी झाले. २०२२ मध्ये देशभरात २८,५२२ खून झाले. त्यांपैकी ९,९६२ खुनांचं कारण होतं वादविवाद: जमीन, पैसा, घरातला कलह, किरकोळ बाचाबाची. वैमनस्यातून ३,७६१ खून झाले. लुटीसाठी किंवा फायद्यासाठी झाले फक्त १,८८४. स्त्रियांवरच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत जवळजवळ एक तृतीयांश गुन्हे नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे आहेत. आपण दाराला कडी लावतो ती चोरासाठी. धोका बऱ्याचदा कडीच्या आत असतो, नाहीतर बांधापलीकडे.

आता माझी एक चूक सांगतो. "मुलं पळवणारी टोळी फिरते आहे" असा मेसेज मी न तपासता घरच्या ग्रुपवर पाठवला होता. दोन दिवसांनी आमच्या मोहल्ल्यात चादरी विकायला आलेल्या दोघांना पोरांनी घेरलं. माझे चाचा मध्ये पडले, त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं, म्हणून निभावलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असं मध्ये पडणं पुरेसं ठरलं नाही. १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मारणारे सराईत गुंड नव्हते. आपल्यासारखीच, घाबरलेली माणसं होती. त्या दिवसापासून मला माझ्या बोटांची भीती वाटते.

मग उपाय काय? भिवंडी आठवा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत ते शहर होरपळलं. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसत, छोट्या तक्रारी छोट्या असतानाच मिटवत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, पण शेजारची भिवंडी शांत राहिली.

लोट्यात हे करता येईल. माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, भाऊ एकमेकांशी बोलत आहेत तोवरच जमिनीची मोजणी आणि वाटणी कागदावर आणा. मुंबईहून भाऊ सुट्टीत येतो आणि भांडून जातो, हे आपण दरवर्षी पाहतो.

दुसरी, बहीण मार खाऊन माहेरी आली तर "जमातीत मिटवू" म्हणून तिला परत पाठवू नका. समजूत घालणं वेगळं, गुन्हा झाकणं वेगळं. तिला पोलीस ठाण्यात जायचं असेल तर सोबत जा. ही गोष्ट आपल्या समाजाच्या सभेत बोलायला जड जाते, म्हणूनच इथे बोलतो आहे.

तिसरी, गावात कमिटी कराल तेव्हा खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांपैकीही दोघांना घ्या. ज्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं, त्याच्याबद्दलची अफवा आपण सहज मानत नाही.

पोलीस येतात ते भांडण मोठं झाल्यावर. ते लहान असताना तिथे आपणच असतो.