‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी

‘स्पिन्स्टर’ म्हणजे वय उलटून गेलं तरी लग्न न झालेली बाई, असं आपण शाळेत शिकलो. मूळ अर्थ मात्र सूत कातणारी. १४व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे बाईच्या कामाचं नाव होतं. १७व्या शतकापासून कायद्याच्या कागदांत ते अविवाहितेच्या नावापुढे लागू लागलं आणि पुढे हेटाळणीचं झालं. हातातलं कसब पुसलं गेलं, नवरा नसणं तेवढं उरलं. इंग्लंड-वेल्सच्या विवाहनोंदणीतून हा शब्द २००५ साली गेला.

आपल्याकडे पुरुष जन्मभर ‘श्री.’, बाई मात्र आधी ‘कु.’, मग ‘सौ.’, नंतर ‘गं. भा.’ मी विचारते, आपली ओळख आपल्या कामावरून का नको?