मीठ आधी कोणत्या रस्त्यावर?



'नागरिक आणि पालिका' असा विषय मला दिलाय. मी सॉफ्टवेअरचं काम करणारा माणूस, मोठी तत्त्वं मांडणं माझ्या आवाक्यातलं नाही. कामानिमित्त उत्तर इंग्लंडच्या एका शहरात मी चार हिवाळे काढले. तिथलं काउन्सिल, म्हणजे आपल्या भाषेत पालिका, आणि तिथले रहिवासी थंडीची तयारी कशी करतात, तेवढंच सांगतो.

तिथे खरा धोका बर्फवृष्टीचा कमी आणि रस्त्यावर गोठणाऱ्या पाण्याचा जास्त. बर्फ पांढराशुभ्र दिसतो, माणूस जपून चालतो. डांबरावर गोठलेला पाण्याचा पातळ थर मात्र दिसतच नाही. आकाश निरभ्र असलेल्या रात्री रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो. हवेचं तापमान दोन अंश असतं आणि रस्ता शून्याखाली गेलेला असतो. म्हणून काही रस्त्यांतच सेन्सर पुरलेले असतात. हवामानाचा अंदाज दुपारी येतो, ड्युटीवरचा अधिकारी तो वाचून ठरवतो, आणि संध्याकाळी मीठ पसरणाऱ्या गाड्या निघतात. पाणी गोठायच्या आधी मीठ पडलं तर थोडक्यात भागतं. गोठल्यावर कितीतरी जास्त लागतं. हे मीठ जेवणातलं नाही. खाणीतलं तपकिरी खडेमीठ असतं, आणि त्यातलं बरंचसं चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. उन्हाळ्यातच गोदामं भरून ठेवतात.

लोकांना यात ओढायची त्यांची एक गमतीशीर रीत आहे. २०१७ मध्ये डॉनकास्टरच्या काउन्सिलने मिठाच्या गाड्यांना नावं सुचवा म्हणून आवाहन केलं आणि एका गाडीचं नाव पडलं 'डेव्हिड प्लोवी'. गायक डेव्हिड बोवी आणि नांगराला इंग्रजीत म्हणतात तो प्लो, यांची ती कोटी. हसू येतं खरं, पण नाव दिलेली गाडी आज आपल्या गल्लीत का आली नाही, हे मग लोक हक्काने विचारतात.

हा हक्क कायद्यात अगदी अलीकडे आला. ईस्ट ससेक्समध्ये एकाची गाडी गोठलेल्या रस्त्यावर घसरली आणि तो कायमचा जायबंदी झाला. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. २००० साली निकाल लागला, आणि तो त्याच्या विरुद्ध: रस्ता 'दुरुस्त ठेवणे' यात बर्फ हटवणं येत नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, २००३ मध्ये, संसदेने १९८० च्या महामार्ग कायद्यात भर घातली. बर्फामुळे रस्त्यावरची सुरक्षित ये-जा धोक्यात येऊ नये, हे वाजवीपणे शक्य असेल तितकं पाहणं आता रस्त्याच्या प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. 'वाजवीपणे शक्य' या दोन शब्दांत पळवाट आहे, हे खरंच. पण कर्तव्य लिहिलेलं असलं की प्रश्न विचारायला जागा मिळते.

पळवाट अशी की सगळ्या रस्त्यांवर मीठ पडतच नाही. मुख्य रस्ते, बसमार्ग, रुग्णालयाकडे जाणारे रस्ते आधी. बाकीचे जमलं तर. कोणता रस्ता यादीत आहे ते काउन्सिल नकाशावर जाहीर करतं. माझी गल्ली चढावाची होती आणि यादीत नव्हती. तिथे कोपऱ्यावर पिवळी पेटी होती, मिठाने भरलेली. ती आमच्यासाठीच, पण सार्वजनिक पदपथासाठी. स्वतःच्या अंगणात टाकायला नेलं तर शेजारी बोलून दाखवायचे. समोरच्या घरातले मीरपूरचे चाचा पहाटे फजरला निघायच्या आधी फावडं घेऊन मशिदीपर्यंतचा उतार मिठाने शिंपायचे. त्याच वाटेने पुढे शाळेची मुलं जायची. शेजारची ऐंशीची इंग्रज बाई आदल्या रात्रीच खिडकीतून विचारायची, उद्या टाकणार ना?

आपणच पदपथ साफ केला आणि कोणी घसरलं तर आपल्यावर खटला येईल, अशी भीती तिथे खूप होती. सरकारने २०१० मध्ये सूचना काढल्या: काळजीपूर्वक साफ केलं तर जबाबदार धरलं जाण्याची शक्यता फार कमी, गरम पाणी ओतू नका, ते पुन्हा गोठतं, दर चौरस मीटरला चमचाभर मीठ पुरे. साध्या भाषेतलं एक पान. आमच्या खात्यातली कागदपत्रं कोणी अशी लिहिली असती तर माझे निम्मे बग वाचले असते.

आता मला सगळ्यात विचारात पाडणारी गोष्ट. स्वीडनमध्ये कार्ल्सकोगा नावाचं गाव आहे. २०११ च्या सुमारास तिथल्या पालिकेने आपली सगळी धोरणं स्त्री-पुरुष समतेच्या नजरेतून तपासायला घेतली. बर्फ काढण्यात कसली आलीय समता, असं गमतीने म्हटलंही गेलं. तपासलं तर दिसलं, की आधी गाड्यांचे मोठे रस्ते साफ होतात, म्हणजे कामावर गाडीने जाणाऱ्या पुरुषांची सोय. पायी चालणाऱ्या, बसने जाणाऱ्या, पोरांना पाळणाघरात सोडणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांची वाट शेवटी. घसरून हाडं मोडणाऱ्यांत पायी चालणारे गाडीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त, त्यातही बायका जास्त. गावाने क्रम उलटा केला. पदपथ आधी, मोठे रस्ते नंतर. बर्फ तेवढाच, यंत्रंही तीच.

स्टॉकहोमनेही पुढे हे धोरण घेतलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रचंड बर्फ पडून शहर ठप्प झालं, तेव्हा याच धोरणाची टर उडवली गेली. म्हणून क्रम उलटा करणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण आधीचा क्रमही कोणीतरी ठरवलेलाच होता, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. नालेसफाई दरवर्षी पावसाळ्याआधी होते, आणि तिलाही एक क्रम असतो. कोणता नाला आधी, कोणाच्या वस्तीतला शेवटी, शाळेपुढची गटारं कधी? ही यादी प्रभाग कार्यालयात असते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवसांची. आज घरी जाऊन लिहिला तर मे उजाडायच्या आत उत्तर हातात येईल. तुमच्यातल्या पाच-सहा जणींनी वेगवेगळ्या प्रभागांच्या याद्या आणल्या, तर त्या नकाशावर चढवून पुढच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचं काम माझं.