यादीत कोण, यादीबाहेर कोण



मी गोदीत हमाली करतो. परदेशातनं आलेला युरिया गोणीत भरताना डोळे चुरचुरतात, बोटांच्या चिरांत आग होते. ती ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २४२ रुपयांत, वर कर आणि कडुनिंबाच्या लेपाचे पैसे. उरलेली किंमत सरकार भरतं. कुणाला? कंपनीला. दुकानातल्या यंत्रावर अंगठा मात्र शेतकऱ्याचा.

आता दुसरं. २०१९ साली पीएम-किसान आली. वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. गावाची लाभार्थी यादी कुणालाही बघता येते. चांगलंय. मी माझ्या गावाची बघितली. वाड्यातली चार नावं आहेत. माझी आई नाही. तिनं चाळीस वर्षं खुरपं चालवलं, पण दुसऱ्याच्या रानात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे शेतकरी नाही, असं योजनाच म्हणते. बटाईनं कसणाराही नाही.

आणि उघड्या यादीनं तरी काय झालं? माहितीच्या अधिकारात एकानं विचारलं तेव्हा, २०२१ च्या जानेवारीत, बाहेर आलं : २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १३६४ कोटी रुपये गेले होते. त्यात निम्म्याहून जास्त प्राप्तिकर भरणारे! यादी होती, वाचणारा नव्हता. आमच्या वस्तीत तर ती कुणी ऐकलीसुद्धा नव्हती.

म्हणून ती ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची. नाव, हप्ते, किती एकर, सगळं. आणि प्रत्येक नावानंतर विचारायचं, या रानात राबतं कोण?

येत्या ग्रामसभेला मी खाडा करून गावी जातोय. कोण कोण येतंय, हात वर करा.