आधी कोडे, मग धडा

शाळांतून शास्त्र कसे शिकवावे याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते, आणि त्या बोलण्यात ‘समस्याधिष्ठित अध्ययन’ हे लांबलचक नाव वारंवार कानांवर पडते. नावाने बिचकून जाण्याचे कारण नाही. आपली नेहमीची रीत अशी की, शिक्षकाने आधी नियम सांगावा, मग तो नियम दाखविणारा प्रयोग करावा आणि शेवटी त्यावर प्रश्न विचारावे. ही रीत नेमकी उलट आहे. तीत प्रश्न प्रथम येतो. त्याचे तयार उत्तर मुलांजवळ नसते. ते शोधीत असता ज्या नियमाची गरज पडेल तो नियम मुले शिकतात. पस्तीसएक वर्षे मी शास्त्राचा तास घेतला. तेवढ्या अनुभवाच्या आधारे या रीतीचा गुण कोणता, तिची किंमत काय आणि ती कोठे फसते, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

नाव मिळाले ते वैद्यकाच्या शिक्षणात. कॅनडातील हॅमिल्टन शहरी मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत १९६९ साली विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. तेथे एकेका विषयावर व्याख्यानांची माळ लावण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या लहानशा गटापुढे एका रोग्याची हकीकत ठेवीत. याला काय झाले असावे, आणि ते ठरविण्यास तुम्हांस आणखी काय माहीत असावयास पाहिजे, असे दोन प्रश्न विचारीत. सगळे मर्म त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. आपणांस काय ठाऊक नाही हे ज्याला नेमके सांगता आले, त्याचा अर्धा अभ्यास झाला. पुढे १९७४ साली हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथील वैद्यकीय शाळेनेही हाच मार्ग धरला. अर्थात कल्पना याहून जुनी आहे. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९१० सालच्या आपल्या ग्रंथात विचाराची सुरुवात अडचणीतून होते असे प्रतिपादन केलेच होते. परंतु वैद्यकाचे विद्यार्थी वीस-बावीस वर्षांचे, निवडून घेतलेले; आणि आमच्या वर्गात बारा वर्षांची पन्नास मुले. तेव्हा आपण शाळेतच जाऊ.

एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो. आपणांपैकी बहुतेकांनी ते लहानपणी पाहिले असेल. बशीत थोडे पाणी घालून मधोमध मेणबत्ती उभी करतात, ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला उपडा घालतात. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढते. मग सांगितले जाते की, आतील प्राणवायू जळून गेला व त्याची जागा पाण्याने घेतली. प्राणवायू हवेचा पाचवा हिस्सा, म्हणून पाणीही पाचव्या हिश्शापर्यंत चढले. मुले हे वाक्य वहीत उतरून घेतात, शेजारी आकृती काढतात, आणि प्रयोग संपतो.

हाच प्रयोग कोडे म्हणून मांडला तर काय होते ते पाहा. पाणी चढले की मी एवढेच विचारीत असे, ‘का चढले?’ चारपाच हुशार मुले ‘प्राणवायू संपला’ असे झटकन सांगत, कारण त्यांनी क्रमिक पुस्तकाचे पुढचे पान घरी वाचलेले असे. ते उत्तर मी खरेही म्हणत नसे आणि खोटेही म्हणत नसे. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवीत असे. मग दुसरा प्रश्न : पेला तोच ठेवून एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी किती चढेल? याचे उत्तर प्रत्येकाने कागदावर लिहावयाचे, आणि एकदा लिहिले की बदलावयाचे नाही, असा दंडक होता. प्राणवायूवाल्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. पेल्यातील हवा तेवढीच, तिच्यातील प्राणवायूही तेवढाच. तेव्हा मेणबत्ती एक असो की तीन असोत, पाणी सारखेच चढले पाहिजे. प्रयोग केला की पाणी डोळ्यांना दिसेल इतके अधिक चढते.

येथून पुढे मुलांना ‘नीट पाहा’ असे सांगावे लागत नाही. प्रयोग पुन्हा करा, पुन्हा करा, असा आग्रह तीच धरतात. एका मुलीच्या ध्यानात आले की, ज्योत जळत असेपर्यंत पाणी फारसे हलतच नाही. ती विझता विझता ते झपाट्याने वर येते. दुसऱ्या एकाने पेला पालथा घालताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडलेले पाहिले होते, पण ते सांगण्याजोगे आहेत असे त्याला तोवर वाटले नव्हते. ही दोन निरीक्षणे एकमेकांशेजारी ठेवली तेव्हा वर्गाला वाट सापडली. ज्योतीने हवा तापते व फुगते, तिच्यातील काही बाहेर निसटते; ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब बशीतील पाणी आत ढकलतो. तीन ज्योतींनी हवा अधिक तापते, म्हणून पाणीही अधिक. प्राणवायू खर्च होतो हे खरेच. पण सारा होत नाही. हवेत तो शेकडा सुमारे २१ असतो आणि शेकडा १६ च्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. शिवाय जळण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड गेलेल्या वायूची बरीचशी जागा भरून काढतो. ही शेवटची माहिती मुलांना प्रयोगातून मिळणे शक्य नव्हते. ती मी सांगितली. पण ती मी चौथ्या तासाला सांगितली, पहिल्या तासाला नव्हे, आणि तोवर तिची वाट पाहणारे कान तयार झालेले होते.

याच वेळी मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मग पाचवा हिस्सा ही थाप आहे काय?’ याहून चांगला प्रश्न मलाही सुचला नसता. थाप नाही, पण ती गोष्ट मेणबत्तीने सिद्ध होत नाही. भांडी घासावयाची साध्या लोखंडाची बारीक तार घ्यावी. न गंजणारी उपयोगी नाही. ती ओली करून काचेच्या नळीच्या तळाशी दाबून बसवावी आणि नळी पाण्यात उपडी ठेवावी. तार हळूहळू गंजते, तसतसे पाणी वर सरकते आणि एकदोन दिवसांनी नळीच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाशी येऊन थांबते. येथे तापण्या-निवण्याची भानगड नाही, आणि गंज घनरूप असल्यामुळे गेलेल्या प्राणवायूची जागा घेण्यास दुसरा वायूही नाही. फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने हवेतील हा भाग वेगळा काढण्यासाठी पारा बारा दिवस तापवीत ठेवला होता. ते काम आमच्या मेणबत्तीने अर्ध्या मिनिटात करावे ही अपेक्षाच जास्त!

शिक्षकाचे खरे कसब प्रश्न निवडण्यात आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊन मोकळे होता येते, त्याला मी कोडे म्हणत नाही. ‘माठातील पाणी थंड का होते?’ असे विचारा. ‘बाष्पीभवनामुळे’ असे उत्तर येईल आणि त्या शब्दाखाली अज्ञान सुखाने झाकून राहील. तेच असे विचारा : एकाच कुंभाराकडचे दोन सारखे माठ आहेत, एकाला बाहेरून तैलरंग फासला आहे, सकाळी दोन्हींत सारखे पाणी भरले, तर दुपारी उष्णतामापक कोणत्यात काय दाखवील? किंवा असे विचारा की, नागपूरच्या मे महिन्यात जो माठ पाणी गार करतो, तो मुंबईच्या जुलैत आळशी का होतो? आता शब्द पुरत नाही. पाणी झिरपून बाहेर आले पाहिजे, हवेने ते घेतले पाहिजे, आणि हवा आधीच ओली असेल तर ती घेणार कोठून, अशी साखळी मुलाला स्वतः जुळवावी लागते. उत्तराला पारख लागली पाहिजे, मुलाचा अंदाज चुकण्याचा धोका त्यात असला पाहिजे, आणि साहित्य स्वयंपाकघरात मिळण्याजोगे असले पाहिजे. महागडी उपकरणे आणून कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

आता किंमत. मेणबत्तीचा जो पाठ एका तासात उरकतो, त्याला या रीतीने चार तास लागतात. सगळा अभ्यासक्रम असा शिकविणे अशक्य आहे, आणि तसे करू पाहणारा शिक्षक मार्चमध्ये पालकांस तोंड दाखवू शकणार नाही. वर्षातून पाचसहा प्रकरणे निवडावी, बाकीची सरळ सांगून शिकवावी, असे माझे मत आहे. परंतु वेळेपेक्षाही मोठी अडचण परीक्षेची. एका वर्षी एका बाहेरच्या परीक्षेत हाच मेणबत्तीचा प्रश्न आला. माझ्या वर्गातील एका मुलाने, जे पाहिले होते ते, म्हणजे हवा निवून आकसल्यामुळे पाणी चढते, असे लिहिले. त्याला त्या प्रश्नाचे गुण मिळाले नाहीत. त्याचे वडील कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत मागविली आणि ती घेऊन ते माझ्याकडे आले. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मला अधिक जड गेले. म्हणाले, ‘गुरुजी, आपण शिकविलेत ते खरेच असेल. पण शिष्यवृत्तीच्या यादीतून पोरगा दोन गुणांनी राहिला. आता घरी जाऊन त्याला मी काय सांगू?’

परीक्षकांकडे मी सविस्तर पत्र धाडले, तीन मेणबत्त्यांचा प्रयोग करून पाहावा अशी विनंतीही केली. उत्तर आले नाही. त्यानंतर मी वर्गात एक प्रघात पाडला. वहीच्या डाव्या पानावर ‘पुस्तक काय म्हणते’ आणि उजव्या पानावर ‘आम्ही काय पाहिले’ असे लिहावयाचे, आणि दोन्ही जुळत नसतील तेथे तांबडी खूण करावयाची. परीक्षेत डावे पान लिहा, पण उजवे पान खोडू नका, असे मी सांगत असे. बहुतेकांना हा तोडगा मानवला. त्या मुलाला मात्र तो पसंत पडला नाही. तो पुढेही उजवेच पान लिहीत राहिला. आमच्या दोघांत शहाणा कोण, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

परीक्षा न बदलता शिकविण्याची रीत बदलू पाहणे म्हणजे मुलाला दोन डगरींवर उभे करणे होय, हे ज्यांनी ओळखले अशी मंडळी आपल्या शेजारच्या प्रांतातच होऊन गेली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू झाले, आणि १९७८ पासून ते जिल्ह्याच्या सर्व माध्यमिक शाळांत पोहोचले. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. करावयाचे प्रयोग व विचारावयाचे प्रश्न असत. परीक्षेला मुलांनी पुस्तक व वही बरोबर आणण्यास मुभा होती, आणि प्रयोगाचीही स्वतंत्र परीक्षा घेत. मुले आपल्या शंका ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थास पत्राने कळवीत आणि त्यांना उत्तरे जात. खेड्यांतील सरकारी शाळांतून हे तीस वर्षे चालले. २००२ साली राज्य शासनाने ते बंद केले. जे तीस वर्षे साध्या शाळांतून चालू शकले, ते ‘आपल्याकडे अशक्य’ असे आता कोणी म्हणू लागला तर मी ऐकून घेणार नाही.

दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येतो, तो अधिक विचारार्ह आहे. २००६ साली किर्श्नर, स्वेलर व क्लार्क या तिघा अभ्यासकांनी असे मांडले की, नवशिक्याला पुरेसे मार्गदर्शन न देता शोध लावावयास सोडले, तर त्याच्या मनावरच नसता भार पडतो आणि शिकणे होत नाही. हे मला बव्हंशी मान्य आहे. ज्याला दाब म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्यापुढे मेणबत्ती शंभर वेळा विझवली तरी त्याला काही सापडणार नाही. आमच्या वर्गात हवेच्या दाबाचा पाठ आधीच, नेहमीच्या रीतीने, झालेला असे. कोडे घालून शिक्षकाने खुर्चीत स्वस्थ बसावे असा या पद्धतीचा अर्थ काही ठिकाणी केला जातो. तो आळस होय. कोठे गप्प राहावयाचे आणि कोठे एक शब्द पुरवावयाचा, हे ओळखण्यासाठी शिक्षकाचा विषय नेहमीपेक्षा पक्का असावा लागतो.

घरी आईबापांना यातले काय करता येईल? मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले की आपण एकतर उत्तर देऊन मोकळे होतो, नाहीतर ‘मोठा झालास की कळेल’ म्हणतो. त्याऐवजी ‘तुला काय वाटते?’ असे विचारावे. आणि तेवढ्यावर न थांबता, ‘ते खरे की नाही हे आपण कसे पाहू?’ असेही विचारावे. पहिला प्रश्न एकटा सोडला तर मूल वाटेल ते बोलू लागते.

वेळ संपत आली आहे. रविवारी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करून पाहण्याजोगे एक कोडे देतो. कमीअधिक उंचीच्या तीन मेणबत्त्या ताटलीत जवळ जवळ उभ्या करून पेटवाव्या आणि त्यांवर काचेची मोठी बरणी उपडी घालावी. तिन्ही एकदम विझतील काय? नसल्यास आधी कोणती, उंच की ठेंगणी? मुलांकडून उत्तर आधी कागदावर लिहून घ्यावे, आपणही लिहावे, आणि मगच बरणी झाकावी. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे ज्यांना पाठ आहे, त्यांनी विशेष जपून लिहावे.